कुमुद स्क्वीझरबद्दल माझं मत

“अगंबाई, लिंबू पिळायचं का हे? किती उपयोगाचं वाण काढलंत हो!”

चौगुलेवहिनींनी हे इतक्या मनापासून म्हटलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. कारण मंगळवारी त्यांच्याच घरच्या हळदी-कुंकवाला त्यांनी स्वतः मला हाच स्क्वीझर वाण म्हणून दिला होता. हाच म्हणजे अगदी हाच. दुधी रंगाचं प्लास्टिक, दोन मुठी, मधे वाटीसारखा खळगा, खळग्याला भोकं आणि मुठीवर उठावाच्या अक्षरांत ‘कुमुद’.

“तुम्हाला आवडलं ना?” आज ज्यांच्या घरी हळदी-कुंकू होतं त्या कदमवहिनी लाजत म्हणाल्या. “म्हटलं, काहीतरी वेगळं देऊ या.”

वेगळं! मी हातातल्या तिळगुळाकडे बघितलं, शेजारी बसलेल्या शिंदेबाईंकडे बघितलं. शिंदेबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना तरी हा घोळ दिसायला हवा होता. पण त्यांनी स्क्वीझर उलटासुलटा करून पाहिला, मूठ दोनदा उघडली-मिटली आणि “बाई, फारच सुबक” म्हणून पिशवीत टाकला. मागच्या शुक्रवारी शिंदेबाईंच्या घरीही हेच वाण होतं.

मी घरी आले आणि ओट्यावर तो स्क्वीझर आधीच्या ढिगावर ठेवला. माझा नवरा श्रीरंग चहा करत होता.

“पुन्हा?” तो म्हणाला.

“पुन्हा.”

“कॉलनीत लिंबांचं काही व्रत वगैरे असतं का?”

मला हसूही येईना. आम्ही दिवाळीत सांगलीला बदलून आलो होतो आणि प्रगती कॉलनीत ही माझी पहिलीच संक्रांत होती. नव्या ठिकाणी आपलं कोणी नसतं, म्हणून मी एकही हळदी-कुंकू चुकवत नव्हते. मला तिथे रुजायचं होतं. पुण्यात चार वर्षांत शेजारणीचं आडनाव कळलं नव्हतं. इथे पहिल्या आठवड्यात तीन घरांतून भाजी आली होती. त्यामुळे या बायकांनी माझी फिरकी घेतली असेल, तर मला ते लागलं असतं. पण फिरकी घ्यायला सगळ्या कॉलनीने एकमेकींच्या घरी जाऊन तेच वाण घ्यायचं आणि दर वेळी “अय्या” करायचं, एवढी मेहनत कोण करेल?

आता माझ्या ब्लॉगबद्दल सांगायला हवं. त्या काळी ब्लॉग लिहिणं ही नवलाई होती. माझ्या ब्लॉगचं नाव होतं ‘आणलं आणि वापरलं’. मी कविता करत नव्हते, प्रवासवर्णनं लिहीत नव्हते. घरात जी वस्तू येई तिच्यावर मत लिहायचे. मिक्सरच्या भांड्याचं झाकण, फरशी पुसायचं फडकं, दारात पार्सल टाकून बेल न वाजवता पळणारा कुरिअर, फोनवर तासभर गाणं ऐकवणारी गॅस एजन्सी, सगळ्यांची हजेरी घ्यायचे. नियम एकच होता. वापरल्याशिवाय मत द्यायचं नाही. मग ते मत कडू असलं तरी मिळमिळीत करायचं नाही. वाचणारे पुण्यातले, मुंबईतले, काही अमेरिकेतले. कॉलनीत कोणाला त्याचा पत्ता असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी सवयीप्रमाणे एक स्क्वीझर वापरायला काढला. आठवडाभर रोज पोह्यांवर, वरणावर, सरबताला त्यानेच लिंबू पिळलं. बाकीचे आमच्या कामवाल्या मावशींना, इस्त्रीवाल्याला दिले आणि उरलेले श्रीरंगने ऑफिसात वाटून टाकले.

त्यानंतर बायका विचित्र वागायला लागल्या.

पहिल्यांदा चौगुलेवहिनी. या आमच्या कॉलनीच्या कारभारीण. नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, आणि खात्याचा सगळा दरारा वहिनींकडे आलेला. भाजीच्या गाडीशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “तुमचे दिले का?”

“काय दिले का?”

“स्क्वीझर ओ.”

मी चाटच पडले. यांना कसं कळलं मी वाटले ते? “दिले की,” मी म्हटलं.

“सगळे?”

“एक ठेवला घरी.”

“एक कशाला ठेवला?”

वाण मिळालेल्या बाईने वाण घरी का ठेवलं, या प्रश्नाला काय उत्तर असतं? तेवढ्यात समोरून बेडगकर काका सायकल हातात धरून आले. मागच्या कॅरिअरवर नेहमीसारखं पुठ्ठ्याचं खोकं दोरीने आवळलेलं. हे गृहस्थ रोज सकाळी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, असं एखादं खोकं घेऊन कोणाच्या तरी दारात उभे असायचे. मी त्यांना कसलेतरी एजंट समजत होते. त्यांना बघताच चौगुलेवहिनींनी माझा हात दाबला आणि मोठ्याने म्हणाल्या, “गवार कोवळी आहे हो आज.”

दोन दिवसांनी कदमवहिनी. “खोक्यातच आहेत ना? पाणी-बिणी लागू देऊ नका.” स्क्वीझरला पाणी लागू द्यायचं नाही!

मग पुन्हा चौगुलेवहिनी, या वेळी फोनवर. “तुमचं हळदी-कुंकू येत्या शुक्रवारी ना? वाणाची ऑर्डर मी सांगून टाकलीय हं.”

“पण मी कापडी पिशव्या आणल्यात, वहिनी.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“कापडी,” शेवटी त्या म्हणाल्या. “बरं. बघते मी.” आणि फोन ठेवला.

माझं डोकं चालेनासं झालं. मी श्रीरंगला म्हटलं, हे काहीतरी कंत्राट आहे. कोणीतरी दुकानदाराने पडून राहिलेला माल अख्ख्या कॉलनीच्या गळ्यात मारलाय, आणि चौगुलेवहिनींना त्यात कमिशन आहे. असं म्हटल्यावर मला सगळं उलगडल्यासारखं वाटलं आणि मी त्याच झपाट्यात लिहायला बसले. नावं कोणाचीच घातली नाहीत, गावही घातलं नाही. मजकूर मला अजून पाठ आहे.

‘कुमुद स्क्वीझर. यंदा आमच्या भागात संक्रांतीला याचं पीक आलं आहे. दिसायला गोजिरवाणा. पण भोकं इतकी मोठी की रसाच्या आधी बिया वरणात पोहोचतात. लिंबू जरा निबर असलं की डावी मूठ अशी वाकते की आपला हात मुरगळला की काय असं वाटतं. शेवटी मी दर वेळी उरलेलं लिंबू हातानेच पिळलं. बनवणाऱ्याने स्वतःच्या घरी कधी लिंबू पिळलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. प्रतिसादही पुष्कळ आले.

आणि कॉलनीत माझ्याशी बोलणं बंद झालं. सकाळी दूध आणताना शिंदेबाई समोरून आल्या आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेल्या. कदमवहिनींच्या दारात कढीपत्ता मागायला गेले तर त्यांनी जाळीच्या दारातूनच “संपला” म्हणून सांगितलं. कढीपत्त्याचं झाड माझ्या डाव्या हाताला उभं होतं. वाटलं, आता इथेही आपण कोणाच्या नाही.

दुपारी चौगुलेवहिनी, शिंदेबाई आणि कदमवहिनी अशा तिघी एकत्र आल्या. चौगुलेवहिनींनी आत येऊन दाराला स्वतःच कडी घातली.

“तो कंप्युटरवर लेख लिहिलाय तो तुम्हीच ना?” त्या उभ्यानेच म्हणाल्या. “माझ्या सुप्रियाने पुण्याहून फोन केला. म्हणाली, आई, ही तुमच्यातलीच बाई दिसतेय.”

“मीच लिहिलाय. पण वहिनी, कोणाचं नाव…”

“नाव? अहो, नाव त्या मुठीवर छापलंय! कुमुद म्हणजे कोण, माहीत नाही तुम्हाला?”

“नाही.”

तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

“बेडगकर काकू,” कदमवहिनी हळूच म्हणाल्या. “काकांची फॅक्टरी होती ना कुपवाडला. कुमुद प्लास्टिक्स.”

मग मला एकेक करून कळलं. काकांनी वीस-बावीस वर्षं बादल्या, पाण्याचे मग, साबणाच्या वड्या ठेवायच्या डब्या बनवल्या. शेवटी स्वतःच्या डोक्यातून हा स्क्वीझर काढला. त्याचा साचा स्वतः करून घेतला आणि त्याच्यावर बायकोचं नाव घातलं. तो बाजारात चालला नाही आणि त्याच्याबरोबर फॅक्टरीही गेली. मशिनं उचलून नेली त्या दिवसापासून काका खुर्चीत बसले ते बसलेच. दाढी नाही, बोलणं नाही, पुढ्यात ताट ठेवलं तर जेवायचे, नाहीतर नाही. डॉक्टर म्हणाले, यांना काहीतरी काम हवं. उरलेल्या मालाची खोकी मागच्या शेडमध्ये होती. त्या संक्रांतीला काकू चौगुलेवहिनींकडे आल्या आणि म्हणाल्या, यंदा वाण माझ्याकडून घ्याल का? चौगुलेवहिनींनी अख्ख्या कॉलनीला ऑर्डर द्यायला लावली. काका उठले. दाढी केली. सायकल पुसली.

“मग?” मी म्हटलं.

“मग काय, माल संपला की!” चौगुलेवहिनी खाली बसल्या. “पुढच्या वर्षी काय द्यायचं? ते पुन्हा खुर्चीत बसायच्या बेतात. तेव्हा काकू दुपारच्या एकेकीकडे गेल्या आणि… बाई गं, दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रडत होत्या. आम्हीच म्हटलं, काकू, डोळे पुसा. तेव्हापासून हे चाललंय. काका दुपारी वाचनालयात जातात. तेवढ्यात आम्ही मागच्या दाराने स्क्वीझर नेऊन द्यायचे. काकू धुऊन पुसून शेडमध्ये तळाच्या खोक्यात टाकतात. सकाळी काका पॅकिंग करतात नि पुढच्या घरी पोहोचवतात. तेच स्क्वीझर फिरतात, ओ. सगळ्या कॉलनीत मिळून तेवढेच आहेत.”

“आणि तुमचे आलेच नाहीत,” शिंदेबाई गणिताच्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या. “त्यामुळे दर घरात कमी पडायला लागले.”

मी सोफ्यावर बसले. मला शरम वाटली आणि तेवढाच रागही आला. “पण मला कोणीच कसं सांगितलं नाही?”

“का? शिंदेबाईंनी सांगितलं नाही?” चौगुलेवहिनी म्हणाल्या.

“मी? मला वाटलं कदमवहिनींनी सांगितलं. त्या शेजारी राहतात.”

“अगंबाई, मी कशी सांगणार? मला वाटलं, असलं काही सांगायचं ते चौगुलेवहिनीच सांगतात.”

क्षणभर त्या तिघीही माझ्याइतक्याच गोंधळलेल्या दिसल्या. पण चौगुलेवहिनी लगेच सावरल्या. लेख आधी काढून टाका, त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्यादेखत काढला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. काकांचा मुलगा बेंगळुरूला होता. त्याने तो लेख कुठूनतरी वाचून वडिलांना पाठवला होता आणि काकांनी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन त्याचा प्रिंटआउट काढला होता.

“दोन दिवस झाले,” कदमवहिनी म्हणाल्या. “काका बाहेर पडले नाहीत. टेबलाशी बसलेत तो कागद घेऊन. काकू म्हणतात, पुन्हा खुर्ची धरली तर या वेळी माणूस उठायचा नाही.”

हे ऐकल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्या एका आवडत्या वाक्यासाठी कोणाचा तरी नवरा भिंतीकडे बघत बसणार होता.

“मी जाऊन माफी मागते,” मी उठले.

“बसा खाली!” चौगुलेवहिनींनी मला अक्षरशः ओढून बसवलं. “माफी मागाल म्हणजे सगळं खरं ठरेल. तुम्ही असं करायचं. शुक्रवारी तुमच्याकडे वाण म्हणून कुमुद स्क्वीझरच द्यायचे. आणि काकांनी विचारलंच, तर सांगायचं की लेख दुसऱ्या कंपनीच्या स्क्वीझरवर होता, नाव चुकून पडलं. कळलं?”

“पण स्क्वीझर आणू कुठून? मी वाटून टाकलेत.”

“ते तुम्ही बघा.”

ते श्रीरंगने बघितलं. विमा कंपनीतल्या कुठल्या अधिकाऱ्यावर शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकाकडे जाऊन दिलेली भेट परत मागायची पाळी आली असेल असं मला वाटत नाही. संध्याकाळी तो पिशवी घेऊन आला आणि सोफ्यावर पडला. “देशमुखसाहेबांनी विचारलं, काही डिफेक्ट आहे का. मी म्हटलं, भावनिक आहे.” मावशींनी त्यांचा परत दिला. इस्त्रीवाल्याने मात्र त्याच्यात शिसपेन्सिली ठेवल्या होत्या आणि तो देईना. कमी पडले तेवढे चौगुलेवहिनींनी काकूंकडून मागच्या दाराने आणून दिले.

शुक्रवारी दुपारी घर बायकांनी भरलं. मी हळद-कुंकू लावत होते, अत्तर लावत होते, ओटीत बोरं-हरभरे घालत होते, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक स्क्वीझर देत होते. प्रत्येक जणी “अय्या, छान आहे की!” म्हणत होती. आता मला त्या “अय्या”चा अर्थ कळत होता. कुमुदकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, नाकात मोत्याची नथणी. त्यांनीही स्वतःच्या नावाचा स्क्वीझर हातात घेतला आणि सगळ्यांसारखंच म्हणाल्या, “छान आहे हो.” मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर बेडगकर काका.

हळदी-कुंकवाच्या घरात पुरुषमाणूस येत नाही. श्रीरंगलासुद्धा मी दोन तास हाकलून दिलं होतं. काकांनी चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यात थांबले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. काकू उठून उभ्या राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “घरी चला.”

“थांब जरा.” काकांचा आवाज घोगरा होता. “हे कोणी लिहिलंय?”

चौगुलेवहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी दोन दिवस वाक्य घोकलं होतं.

“मी लिहिलंय, काका. पण ते दुसऱ्या कंपनीच्या स्क्वीझरवर होतं. नाव चुकून तुमचं…”

“डावी मूठ वाकते असं लिहिलंय तुम्ही.”

“हो, म्हणजे त्या दुसऱ्या…”

“दुसऱ्या कोणाची डावी मूठ वाकत नाही. आमच्याच वाकते. साच्यात त्या बाजूला माल कमी बसायचा.” ते दोन पावलं आत आले. “निबर लिंबाला वाकते लिहिलंय. कितीदा वाकली?”

मी चौगुलेवहिनींकडे बघितलं. त्या डोळ्यांनी मला नको नको म्हणत होत्या. समोर काका उत्तराची वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळेना. राग असता तर कळला असता, दुःख असतं तर तेही कळलं असतं. मला एवढंच दिसलं की या माणसाला दुसऱ्या कंपनीची गोष्ट नको आहे.

“रोजच वाकायची,” मी म्हटलं.

कोणीतरी “अगं” म्हणून श्वास घेतला.

“म्हणजे रोज पिळलंत?”

“आठवडाभर. पोह्यांवर, वरणात. सरबतालाही.”

“आणि बिया?”

“पडायच्या. वरणात सापडायच्या. श्रीरंगच्या दाताखाली एक आली.”

काकांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या घरातल्या खुर्चीत न विचारताच बसले. मला वाटलं, झालं. हीच ती खुर्ची. काकू धावत पुढे आल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तर काकांचे डोळे भरून आले होते आणि ते चक्क हसत होते.

“कुणीतरी लिंबू पिळलं,” ते म्हणाले. “कुमुद, कुणीतरी पिळलं गं!”

“म्हणजे?” काकूंचा हात तसाच राहिला.

“किती वर्षं झाली, माल जातो नि परत येतो. एकाच्याही तोंडाला लिंबाचा वास नाही. कधीच नाही.”

शिंदेबाईंच्या हातातलं गुलाबपाणी त्यांच्याच पदरावर सांडत होतं.

“तुम्हाला माहीत होतं?” चौगुलेवहिनींचा आवाज इतका बारीक मी कधीच ऐकला नव्हता.

“वहिनी, तुम्ही वाणाला हळद-कुंकवाचं बोट लावून देता. प्लास्टिकवरची हळद धुतली तरी जात नाही. जन्म प्लास्टिकात गेला माझा, मला डाग कळणार नाही?” काका ओशाळं हसले. “पहिल्या वर्षीच कळलं. म्हटलं, ही एवढी धडपड करते माझ्यासाठी, पाठीमागच्या दाराने काय काय आणते. बोललो तर हिला वाईट वाटेल. म्हणून पॅकिंग करत राहिलो. पण मनात एकच यायचं.” ते थांबले. त्यांनी माझ्या हातातला स्क्वीझर घेतला. “इतका वाईट झालाय का, की दारात नेऊन दिला तरी कोणी एकदासुद्धा वापरून बघू नये? शिव्या घालायलासुद्धा?”

मला रडू आवरेना. कदमवहिनी तर आधीच पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आम्ही सगळ्या जणी त्या माणसाला जपत होतो, आणि दर संक्रांतीला तो लिंबाचा थेंबही न लागलेले स्क्वीझर मोजून खोक्यात भरत होता.

“लिंबं आहेत का घरात?” चौगुलेवहिनी एकदम म्हणाल्या.

“आहेत.”

“आणा.”

मी टोपली आणली. चौगुलेवहिनींनी पैठणीचा पदर खोचला, लिंबू चिरलं, स्क्वीझरमध्ये घातलं आणि दात-ओठ खाऊन दाबलं. मूठ वाकली. रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला.

“काय ओ काका, हे काय करून ठेवलंय तुम्ही!” त्या ओरडल्या. “माझी पैठणी!”

“डावीकडून धरू नका,” काका खुर्चीतून अर्धे उठले. “अंगठा वर. हां.”

मग सगळ्यांनीच हात पुढे केले. संक्रांतीच्या थंडीत, अंगावर दागिने घालून, पंधरा-वीस बायका माझ्या बैठकीत लिंबं पिळायला लागल्या. लिंबं संपली तेव्हा कदमवहिनी घरी जाऊन आणखी घेऊन आल्या. कोणी म्हणालं बिया पडतात, कोणी म्हणालं साल अडकतं, कोणी म्हणालं मोठ्या लिंबाला हा पुरत नाही आणि लहान लिंबू त्यात खेळतं. शिंदेबाई म्हणाल्या, भोकांचा व्यास निम्मा हवा होता. काका एकेकीकडे वळून ऐकत होते. “बरोबर,” म्हणत होते. “बरोबर आहे तुमचं.” मी इतकी मतं लिहिली आजवर, पण स्वतःच्या वस्तूची निंदा अशी पोट भरून ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कुमुदकाकू तेवढ्या काहीच करत नव्हत्या. त्यांच्या हातात स्क्वीझर तसाच होता. त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि मला वाटतं, गेल्या सगळ्या संक्रांती त्यांच्या डोळ्यांपुढून जात होत्या. दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती.

“काकू, तुम्ही नाही पिळायचं?” कदमवहिनींनी विचारलं.

“मी काय पिळायचं?” काकू म्हणाल्या. मग त्यांनी स्क्वीझर टेबलावर ठेवून दिला, जरा जोरातच. “खरं सांगू का आता? मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.”

काकांचं हसू थांबलं. “काय?”

“मूठ माझ्या हातात मावत नाही. साचा केलात तो स्वतःच्या हाताच्या मापाने. आणि पिळताना ‘कुमुद’ माझ्याच तळव्याला टोचतं. माझं नाव घातलंत म्हणून गप्प बसले. घरी मी कायम हातानेच पिळलंय लिंबू.”

काका बराच वेळ बायकोच्या हाताकडे बघत राहिले. लहानसा हात होता, बोटं आखूड.

मग त्यांनी पलीकडची खुर्ची ओढून आपल्या शेजारी घेतली. माझ्या लेखाचा कागद उलटा केला, त्याची कोरी बाजू गुडघ्यावर सपाट केली आणि खिशाचं पेन काढलं.

“बस,” ते काकूंना म्हणाले. “पहिल्यापासून सांग.”